दोन्ही कानांमागची तीट

दवाखान्यात नोकरी करा, किश्शांचं गाठोडं आपोआप वाढत जातं. आमच्या धुळ्याच्या दवाखान्यातल्या बहुतेक किश्शांत आमच्या डॉक्टर मॅडम असायच्या, आणि निम्म्यांत गोचीड!

त्या वर्षांत आमच्याकडची काही मंडळी कामासाठी आफ्रिकेत जाऊन यायची. तिकडची गोचीड चावली की कडक ताप येतो आणि चावलेल्या जागी काळी खपली धरते. मलेरियाच्या गोळ्यांना हा ताप जुमानत नाही. औषध वेगळं, पण साधंच. त्यासाठी आधी खपली सापडायला हवी. म्हणून ताप दिसला की मॅडम विचारायच्या, कुठे गेला होतात? आणि लगेच सांगायच्या, कपडे काढा. सोनगीरच्या एका आबांनी हे ऐकून ताप उतरल्याचं जाहीर केलं आणि सरळ एसटी धरली.

*

भुसावळचे एक रेल्वेचे साहेब टांझानियाहून तापच घेऊन आले. शर्टाचं एक बटण काढू देईनात. म्हणाले, "गोचिडी ढोरांना लागतात, ऑफिसरला नाही."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही तिला पास दाखवला होता का?"

खपली बरोबर पट्ट्याखाली निघाली. साहेब बरे झाले आणि जाताना पेढे देऊन गेले.

*

एक पाहुणे मात्र नैरोबीहून आल्याचं गावभर सांगत होते. मॅडमनी चिकाटीनं खोदून विचारलं. जंगलात गेलात? गवतात बसलात? कुत्री होती? शेवटी त्यांनी बायकोला चहा आणायला पाठवलं आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर, मी सुरतेला होतो."

निघाला मलेरिया. नैरोबीचं आम्ही कुणाला सांगितलं नाही.

*

आणि अमळनेरचा प्रकाश. तेलमिलचा फिटर, केनियात मशिनरी बसवून परतला आणि तापानं फणफणला. मलेरियाच्या गोळ्या झाल्या, टायफॉइडचं औषध झालं, पण ताप हटेना. पोरगा बरळायला लागला. मॅडमनी त्याला नखशिखांत दोनदा तपासलं. खपली कुठेच नाही. डाव्या कानामागे तेवढी काळी तीट होती. परदेशातून लेक आला म्हणून आईनं काजळ लावलेलं. मॅडमनीच बजावलं, आईची तीट आहे, पुसू नका. तो उजव्या कुशीवर पडून होता, त्यामुळे तो कान उशीत दबलेला, तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. मला त्या पोराची खरंच काळजी वाटत होती.

मॅडम हट्टाला पेटल्या. म्हणाल्या, पुन्हा पहिल्यापासून बघायचं. तेवढ्यात त्याची आई, अक्का, काजळाची डबी घेऊन आल्या. तीट पुसट झाली असेल, पुन्हा लावते म्हणाल्या. मी डावा कान दाखवून म्हटलं, अक्का, आहे की चांगली ठसठशीत.

अक्का वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी ते उजवा कानना मांगे लायेल शे, भाऊ. ही मनी नही."

मॅडमनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि घासला. तीट निघेना. त्यांनी तिथूनच सिस्टरला औषध सांगितलं.

प्रकाश ठणठणीत झाला आणि पुढे पुन्हा केनियाला गेला. वर्षभरानं परतला तो आईला घेऊन सरळ दवाखान्यातच. अक्कांनी या वेळी त्याच्या दोन्ही कानांमागे तीट लावली होती.

मॅडमनी नमस्कार घेतला, बसायला सांगितलं आणि स्पिरिटचा बोळा मागवला.