फोनमधल्या बाई

गणिताच्या बाईंना हेवा वाटायचा, यात नवीन काही नव्हतं. जाऊबाईंच्या मोठ्या स्वयंपाकघराचा वाटून झाला होता, इतिहासाच्या बाईंच्या दाट केसांचा वाटून झाला होता, आणि जेवणानंतरचा तास ज्यांना मोकळा मिळतो त्या सगळ्यांचाच दर वर्षी नव्याने वाटायचा. पण या वर्षी त्यांनी कमाल केली. या वर्षी त्या स्वतःवरच जळायला लागल्या.

झालं होतं असं. चार वर्षांपूर्वी शाळा दीड वर्ष बंद होती, तेव्हा मुख्याध्यापिकांचं फर्मान निघालं की प्रत्येकाने आपापले धडे फोनवर रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकावेत. बाईंकडे फोन होता, पण तो धरणार कोण? नवऱ्याने एकदा धरला आणि दुसऱ्याच मिनिटाला जांभई दिली, ती रेकॉर्डही झाली. शेवटी सासूबाई पुढे आल्या. चाळीस वर्षं कपडे शिवून त्यांचा हात असा स्थिर झाला होता की चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायच्या. शाळा मात्र त्यांची चौथीत सुटली होती. मग काय, ओट्याशेजारच्या भिंतीला पाठ लावून, निळा स्वेटर घालून बाई शिकवायच्या आणि समोर सासूबाई दोन्ही हातांत फोन धरून उभ्या राहायच्या. अपूर्णांकाच्या धड्यातली लाल फीत, कात्री, मोजपट्टी, सगळं त्यांच्याच शिवणाच्या डब्यातून आलं होतं. असे बेचाळीस व्हिडिओ झाले. शाळा उघडली आणि बाई ते विसरूनही गेल्या.

मुलं विसरली नव्हती. या वर्षी सहावीत आलेली पोरं तेव्हा दुसरीत होती, म्हणजे धड बाकावर बसायला शिकायच्या आधी ती फोनसमोर बसायला शिकली होती. ताई-दादांच्या शेजारी बसून त्यांनी पुढच्या इयत्तांचे व्हिडिओही पाहून टाकले होते. जूनमध्ये बाई पहिल्यांदा वर्गात शिरल्या, हजेरीची वही टेबलावर आपटली आणि म्हणाल्या, "गप्प बसा!" तेव्हा खिडकीशी बसलेली एक बारीकशी मुलगी शेजारणीच्या कानात कुजबुजली, "या त्या बाई नाहीत."

"त्याच आहेत गं," शेजारीण म्हणाली, "पण रागावलेल्या आहेत."

बाईंचे कान तिखट. त्यांनी ऐकलं आणि त्या दिवसापासून त्यांचं डोकं फिरलं.

मुलांना फोनमधल्या बाई आवडायच्या. अगदी जीव होता. फोनमधल्या बाई कधी ओरडत नाहीत, त्यांना खोकला होत नाही, त्या मधेच कोणाला उभं करत नाहीत. वर्गातल्या बाई घसा ताणून फळ्यावर उदाहरण सोडवत असायच्या आणि पोरं वह्या मिटून निवांत बघत असायची. "अरे, लिहून घ्या की!" बाई म्हणायच्या. "घरी बघू ना बाई, आहे व्हिडिओ," असं गोड उत्तर यायचं. एकदा सांगितलेलं वाक्य परत येत नसतं, ते तिथल्या तिथे पकडायचं असतं, हे त्या मुलांच्या गावीच नव्हतं. त्यांच्या आयुष्यात सगळंच परत यायचं. एक जण तर भर वर्गात सहज म्हणून गेला, "बाई, जरा दहा सेकंद मागे या ना." आणि जाड चष्म्याच्या पोराने तर कौतुक म्हणून सांगितलं, "मी तुम्हाला नेहमी दीडपट वेगाने बघतो." एकोणीस वर्षांच्या नोकरीत बाईंचा असा पाणउतारा कोणी केला नव्हता.

त्यातून प्रश्न विचारायला कोणी तयार नाही. बाईंचा सुस्कारा शाळेत प्रसिद्ध होता. कोणी "समजलं नाही" म्हटलं की बाई आधी खडू खाली ठेवायच्या, मग छताकडे बघायच्या आणि मग असा सुस्कारा सोडायच्या की विचारणाऱ्याला शाळाच सोडावीशी वाटावी. पूर्वीची मुलं निगरगट्ट होती, सुस्कारा खाऊनही विचारायची. या मुलांना गरजच नव्हती. फोनला मागे न्यायला एक बोट पुरतं, आणि ते बोट कोणाला दिसत नाही. खिडकीतली मुलगी तर तीन महिन्यांत बाईंशी एक शब्द बोलली नव्हती. तरी घरचा अभ्यास मात्र तिचा बरोबर यायचा, आणि बाईंना त्याचाही राग यायचा, कारण तो कोणी शिकवला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाई चिडल्या, मग कुढल्या, मग ईर्ष्येला पेटल्या. कपाटाच्या तळातून निळा स्वेटर काढून त्यांनी तो घालून पाहिला. तो दंडात दाटत होता, तरी घालून गेल्या. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग त्यांनी ठरवलं की व्हिडिओत जसं सांगितलंय त्याच्या बरोबर उलट्या रीतीने शिकवायचं, म्हणजे पोरांना वर्गात कान द्यावेच लागतील. पोरांनी कान दिले, गोंधळली, आणि घरी जाऊन पुन्हा व्हिडिओच पाहिले. त्या आठवड्यात बघणाऱ्यांचा आकडा दुपटीने वाढला. शिक्षकांच्या खोलीत इतिहासाच्या बाई म्हणाल्या, "तुमचं काय बाई, तुम्ही आता प्रसिद्ध झालात!" गणिताच्या बाई हसल्या. आतून त्यांचा तिळपापड झाला होता.

बुधवारी अपूर्णांकांच्या भागाकाराची चाचणी होती. आदल्या रविवारी दुपारी घर जेवून झोपलं होतं. बाईंनी फोन घेतला आणि त्याच धड्याचा व्हिडिओ लावला. सगळ्यांत जास्त पाहिला जाणारा तोच होता. त्या बघायला बसल्या त्या चुका काढायलाच. स्वेटरवर पिठाचा डाग आहे, बरं. मागे भांडी विसळल्याचा आवाज येतोय, उत्तम. पण ती बया बोलायला लागली आणि बाईंचं तोंड उतरलं. ती तीन मीटर फीत धरून शांतपणे सांगत होती की अर्ध्या मीटरचे तुकडे कापले तर किती होतील, आणि भागूनही उत्तर वाढतं कसं. आठव्या मिनिटाला फोनमागून हळूच आवाज आला, "अं?"

तो सासूबाईंचा आवाज होता. त्यांना समजलं नव्हतं. आणि पडद्यावरची ती बाई खडू खाली ठेवत नाही, छताकडे बघत नाही. ती हसते आणि म्हणते, "नाही समजलं? हरकत नाही. पुन्हा सांगते."

"हं, सांगशील नाहीतर काय!" बाई फोनला म्हणाल्या. "समोर एकच विद्यार्थी, आणि तीसुद्धा सासू. तिच्यापुढे सुस्कारा सोडायची टाप आहे का तुझी? माझ्यासारखी चाळीस पोरं घेऊन दाखव." हे म्हणताना त्यांचा आवाज चढला, कारण पडद्यावरचं ते हसू खोटं वाटत नव्हतं. ते हसू आपल्याला आता येत नाही, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं, आणि तेच सहन झालं नाही. व्हिडिओंच्या खात्याचा पासवर्ड त्यांच्याच वहीत होता. फोनने विचारलं, कायमचं काढून टाकायचं? नंतर परत आणता येणार नाही. बाईंनी "हो" दाबलं आणि चहा टाकायला उठल्या. चहा दोनदा उतू गेला.

सोमवारी वर्गात शिरेपर्यंत कालवा झाला होता. "बाई, भागाकाराचा व्हिडिओ गेला!" "कोणीतरी हॅक केला बाई!" "परवा चाचणी आहे!" बाई म्हणाल्या, "बरं झालं, आता वर्गात लक्ष द्या," आणि फळ्याकडे वळल्या. तीन भागिले अर्धा. खडू चालवताना त्यांना बरं वाटत होतं. आज पोरं वह्या उघडून बसली होती. आज सगळे डोळे त्यांच्यावर होते, फक्त त्यांच्यावर.

नेहमीच्या वेगाने सांगून त्या वळल्या, तर खिडकीतली मुलगी उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"काय गं?"

"बाई, तो कोणी काढला?" जूनमधल्या त्या कुजबुजीनंतर तिचा आवाज बाईंनी पहिल्यांदाच ऐकला. "मी रोज बघायचे. त्यात आठव्या मिनिटाला कोणीतरी 'अं?' म्हणतं, मग बाई पुन्हा सांगतात. मी पण त्यांच्याबरोबर म्हणायचे. मला वाटायचं, माझ्यासाठीच सांगतायत."

वर्गात कोणी हसलं नाही. बाईंना सहज म्हणता आलं असतं की हॅक झाला असेल. त्यांनी तोंड उघडलं ते "त्यात एक चूक होती" असं म्हणायला, पण समोर ते सुजलेले डोळे होते.

"मी काढला," त्या म्हणाल्या.

"का?"

"कारण तुम्हाला माझ्यापेक्षा ती जास्त आवडते."

मागून चष्मेवाला गोंधळून म्हणाला, "पण बाई, त्या तर तुम्हीच ना?" दोन-चार जण फिसकले. बाईंची मान खाली गेली. सहावीच्या पोरांसमोर आपण हे बोललो, याची लाज त्यांना कानापर्यंत जाणवली.

खिडकीतली मुलगी हसली नाही. ती गंभीरपणे विचार करत होती. मग म्हणाली, "मग त्या कसं सांगायच्या, ते तुम्हाला आठवतं का?"

बाई वर्गाच्या कपाटाकडे वळल्या. तिथल्या सजावटीच्या सामानातून त्यांनी लाल फीत, कात्री आणि मोजपट्टी काढली, तीन मीटर फीत मोजली, टेबलाच्या दोन्ही टोकांवरून लोंबेल अशी पसरली आणि सांगायला लागल्या. अर्धा मीटर म्हणजे एक तुकडा. तीन मीटरांत असे किती बसतात, तेच आपण विचारतोय. सांगून झालं. मुलगी फितीकडे बघत राहिली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "अं?"

बाईंनी फीत सरळ केली आणि पुन्हा सांगितलं, या खेपेला फळ्यावर रेघ ओढून, एकेक तुकड्याला खूण करत. मुलीने ओठ चावले.

"अं?"

खडू बाईंच्या हातातून टेबलावर आला. नजर छताकडे निघालीच होती. सुस्कारा छातीत भरून तयार होता, एकोणीस वर्षांचा जुना. आणि त्यांना सासूबाई आठवल्या, फोन धरून दंड दुखत असताना, खाली न ठेवता, नुसत्या भुवया उंचावून विचारणाऱ्या. बाईंनी तो सुस्कारा नाकावाटे हळूच सोडून दिला.

"नाही समजलं? हरकत नाही," त्या म्हणाल्या. आवाज जरा घोगरा आला. "इकडे ये. ही घे कात्री. आता मी नाही सांगणार, तू काप."

मुलगी पुढे आली. मोजपट्टी लावून तिने पहिला तुकडा कापला, मग दुसरा. चौथ्याला तिचा हात थांबला. तिने उरलेल्या फितीकडे पाहिलं, कापलेल्या तुकड्यांकडे पाहिलं, आणि पुढचं न कापताच म्हणाली, "सहा. अय्या, सहाच होणार. तुकडे लहान आहेत म्हणून जास्त झाले."

"झाले की नाही?"

"झाले." ती फीत हातात घेऊन जागेवर निघाली आणि मधेच वळली. "बाई, फोनमधल्या बाई दोनदाच सांगायच्या. तिसऱ्यांदा मलाच मागे जावं लागायचं."

वर्गासमोर गणिताच्या बाईंनी चेहरा अगदी कोरा ठेवला. पण त्या सांगणार कोणाला, की त्या क्षणी त्यांना निळ्या स्वेटरातल्या त्या बाईला फोन करून हे ऐकवावंसं वाटत होतं.

"आणखी कोणाला नाही समजलं?" त्यांनी विचारलं.

मग जाड चष्म्याच्या पोराने इकडेतिकडे पाहिलं, मान बाकाखाली घातली आणि तिथूनच म्हणाला, "अं?"