कवटीखालचा शब्द

गोंधळ आणि आत्मविश्वास हे दोन्ही एकाच माणसात एवढे भरपूर असतात, हे आमच्या साडूंना भेटेपर्यंत मला माहीत नव्हतं. चिकलठाण्याच्या कारखान्यात एक जर्मन यंत्र आलं, तेव्हा त्याचं माहितीपुस्तक वाचून वाचून ते जर्मन शिकले. त्यामुळे त्यांच्या जर्मनमध्ये नट, बोल्ट, तेल आणि धोका यांपलीकडे फारसं काही नव्हतं. 'गिफ्ट' हा शब्द त्यांना भेटला तोच रसायनाच्या पिंपावर, कवटीच्या चित्राखाली. जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष. तेव्हापासून गुलमंडीतल्या 'गिफ्ट सेंटर'समोर त्यांचा पाय अडायचा. एकदा आत शिरून मालकाला म्हणाले, "भाऊ, पाटी बदला. जर्मन गिऱ्हाईक बघून पळून जाईल."

"चाचा, यहाँ जर्मन कौन आता?" तो म्हणाला. "घड्याळ दाखवू का?"

जर्मन आली की युरोपातल्या बाकी भाषा आपोआप येतात, असंही ते छातीठोकपणे सांगत. मेव्हणी गेल्यापासून घरात ते आणि त्यांची मुलगी सोनू, दोघंच. मग सोनूही नोकरीसाठी डेन्मार्कला गेली.

एका रविवारी ते आमच्याकडे पोहे खात असताना तिचा फोन आला. हात तेलकट म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, मराठीत सांगायचा धीर होत नाही. तुमच्या युरोपच्या भाषेत सांगते. याय एर गिफ्ट."

आणि फोन कटला.

साडू उभेच राहिले. चेहरा पांढराफटक. "मी विष आहे म्हणते... नाय, विष घेतलं असंल! तिला मीठ-पाणी प्यायला सांगा! लावा की फोन!" मी लावत होतो, लागत नव्हता. माझ्या बायकोनं त्यांच्यासाठी पाणी आणलं आणि घाबरून स्वतःच पिऊन टाकलं. शेवटी फोन लागला, तसा बायकोनं माझ्या हातून हिसकावला.

"सोनू, काय खाल्लंस तू?"

"पाव. का गं मावशी?"

"विष नाही ना घेतलंस?"

"विष कशाला घेऊ? लग्न केलंय मी! इथं लग्न झालेल्याला गिफ्ट म्हणतात." मग जरा थांबून प्रामाणिकपणे म्हणाली, "विषालाही म्हणतात."

"जिती आहे!" साडूंनी मला कडकडून मिठी मारली. पोह्यांची बशी सांडली. बऱ्याच वेळानं ते मला सोडून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "थांबा. लग्न?"

त्या दिवशी ते लेकीशी एक शब्द बोलले नाहीत. पुढं आठवडाभर तिचे फोन वाजत राहिले. मग एका संध्याकाळी साडू आमच्याकडे आले, ते थेट मुद्द्यावरच.

"गिफ्टचं मूळ सापडलं. सगळ्यांचं एकच, देणं. इंग्रजांनी वस्तू दिली, ती भेट झाली. जर्मनांनी औषधाचा घोट दिला, त्याचं पुढं विष झालं. आणि तिकडं डेन्मार्कात मुलगी दिली, म्हणजे लग्न." इथं ते अडखळले. "पण मग हिला दिली कुणी? मी तर इथं होतो."

बायकोनं चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला. साडूंनी तो न पिताच बाजूला सारला.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "लावा फोन. दिली म्हणून सांगतो. मराठीतच सांगतो."

मी फोन लावला. पलीकडे घंटी वाजायला लागली, तशी त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली आणि ताठ बसले.