छपरातली काडी

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. चांद्याच्या कचेरीसमोर गवताच्या छपराखाली मी लोकांचे अर्ज लिहायचो. एका सकाळी आरमोरीकडची एक ढिवरीण आली. माशांची टोपली खाली ठेवत म्हणाली, “भाऊ, माह्या नवऱ्यानं दुसरी बाई ठेवली. तिच्यावर केस लिहा.”

“बाई, बायकोला तशी केस करता येत नाही. त्या बाईला नवरा असला, तर तो तुमच्या नवऱ्यावर करू शकतो.”

“अन् मले काईच नाई?”

“नाही.”

मला वाटलं, आता रडेल. ती खदखदून हसली. “तिले शिक्षाच पाहिजे ना? मंग नवराच देऊन टाकतो तिले! त्याले रोज झिंगे सोलून लागते. सोलत बसन आता!”

तिनं माझ्या छपरातली लांबशी काडी उपसली. ढिवरांच्यात पंचांसमोर काडी मोडली की नवरा-बायको मोकळे होत.

“ही चालते ना, भाऊ?”

“चालते की!”

काडी फुलासारखी अंबाड्यात खोचून, माझ्या कोऱ्या कागदावर एक मासा ठेवून ती निघाली.

त्याच कागदात मासा गुंडाळून मी घरी नेला. माझा कागद त्या दिवशी तेवढ्याच कामी आला.