लतिकावहिनीचे सत्तर अंश

लतिकावहिनी म्हणजे माझ्या भावाची, श्यामची बायको. आम्ही दिल्लीत मयूर विहारला एकाच फ्लॅटमध्ये राहतो. ती गाझियाबादच्या एका राळेच्या कारखान्यात केमिस्ट. तिथे कथलाचं संयुग घालून पॉलिस्टरची राळ दोनशे अंशांच्या वर शिजवत. त्या वाफांनी तिचं डोकं उठायचं.

पुढे बाजार खुला झाला आणि परदेशी गिऱ्हाइकांना पाकिटांच्या गोंदासाठी बिनकथलाची राळ हवी झाली. वहिनी कित्येक वर्षं त्याच्याच मागे लागलेली. एका बुरशीपासून मिळणारं एन्झाइम कथलाचं काम सत्तर अंशांवर करतं. सुटणारं पाणी तेवढं ओढून घ्यायचं. "दह्यासारखंच गं," ती म्हणायची, "ऊब हवी, उकळी नको." शेवटी मालकाने वैतागून एक मोठा घाणा करू दिला. फसला तर विषय बंद.

नेमकं त्याच संध्याकाळी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. त्यासाठी वहिनीने घाणा सोडून वेळेवर घरी यायचं, म्हणून मी तेव्हाच चिडले होते. शिफ्ट सांभाळणारे नरसिंह तिचे जुने सहकारी, भला माणूस. राळ रेंगाळली की आच वाढवायची, ही त्यांची आयुष्यभराची सवय. वहिनी जेवायला गेली तेवढ्यात त्यांनी घाणा सव्वाशेवर नेला आणि पुन्हा सत्तरवर आणून ठेवला.

"मैडम, थोड़ी आँच दे दी. आज आप टाइम से घर पहुँच जाओगी."

तेवढ्या आचेने एन्झाइम मेलं होतं. राळ शेवटपर्यंत पाण्यासारखी पातळच राहिली. वहिनी वेळेवर घरी आली, बायकांना वाण दिलं, हसली.

दुसऱ्या दिवशी मालकाने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सर, एन्झाइम ही कमज़ोर निकला." कारखान्यात कपात चालू होती, खरं सांगितलं असतं तर नरसिंहांना घरी बसवलं असतं. मला कळलं तेव्हा मी उखडलेच. "अगं, इतक्या वर्षांच्या कामावर स्वतःच्या तोंडाने बोळा फिरवलास. निदान त्यांना तरी सांग."

"सांगून काय होणार? जन्मभर झोप उडेल त्यांची. दमलेय गं, राहू दे."

ती पुन्हा कथलाच्या राळेवर गेली. मला मात्र अजून संताप येतो. नरसिंह अधूनमधून चहाला येतात आणि मलाच समजावतात, "दीदी, मैडम ने बहुत मेहनत की. चीज़ ही बेकार थी."

वहिनी त्यांच्यापुढे बिस्किटं सरकवते. "बिल्कुल," म्हणते.