वय पंचावन्न, पद वरिष्ठ लिपिक

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, एका उन्हाळ्यात, पदोन्नतीच्या मुलाखतीत मला उभं करून उजव्या हाताने डावा कान धरायला लावलं. हात डोक्यावरून न्यायचा होता. समोर तीन अधिकारी बसले होते. मी पंचावन्न वर्षांची होते. मी कान धरला.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. मी तिथल्या एका सरकारी खात्याच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. हेडक्लार्कची जागा रिकामी झाली होती. सेवाज्येष्ठतेत माझा क्रमांक पहिला होता. गोपनीय अहवालात वाईट शेरा एकही नव्हता. निवृत्ती अठ्ठावन्नला होत असे.

मुलाखतीत कामाचा प्रश्न विचारला गेला नाही. मोठ्या साहेबांनी विचारलं, गुडघे दुखतात का? चष्म्याचा नंबर वाढला का? मग ते म्हणाले,

"माताजी, अब तो नाती-पोते खिलाने की उमर है."

इतकी वर्षं कार्यालयात मला बाई म्हणत, मॅडम म्हणत. माताजी कोणी म्हटलं नव्हतं. मी घाबरले. जागा जाते आहे हे मला दिसलं. ती वाचवायला मी म्हणाले, साहेब, माझं खरं वय कमी आहे.

कसं, ते सांगितलं. आमचं गाव भंडाऱ्याकडचं. घरी धानाची शेती. गावात जन्माची नोंद कोणी ठेवत नसे. मूल शाळेत न्यायचं, गुरुजी म्हणायचे, डोक्यावरून हात ने, पलीकडचा कान धर. हात पुरला की मूल सहा वर्षांचं. माझी मोठी बहीण एकटी शाळेत जायला तयार नव्हती. म्हणून मला सोबत धाडलं. माझा हात कानाला पुरत नव्हता. गुरुजींनी माझं डोकं खांद्यावर कलतं केलं आणि पुरवला. दोघी बहिणींची जन्मतारीख एकच लागली.

तिघेही हसले. मोठे साहेब म्हणाले, "करके दिखाइए. अब पहुँचता है कि नहीं, देखें."

मला वाटलं, केलं तर पटेल. मी उठले. पदर सावरला. हात डोक्यावरून नेला. चहाचा ट्रे घेऊन आलेला शिपाई दारात थांबला होता.

"पहुँच गया," साहेब म्हणाले. "मतलब उमर हो गई. बैठिए."

मी बसले. थोड्या वेळाने त्यांनी जरा मऊ आवाजात सांगितलं, "काम आपका अच्छा है. पर तीन साल के लिए कुर्सी देकर क्या फायदा? जवान आदमी लंबा चलेगा."

माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी नोकरीला लागलेल्या सक्सेनाला हेडक्लार्क केलं. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तो निवडायला बसला नव्हता.

शिपायाने जे पाहिलं ते दुपारपर्यंत सगळ्या शाखांत पोचलं. मी टेबलावरून उठले की कोणीतरी कानाला हात लावायचं. कँटीनमध्ये एकाने विचारलं, "माताजी, पहली कक्षा में एडमिशन मिला क्या?" मीही हसले.

घरी, रिसालीत, यांना सांगितलं. हे कारखान्यात कामाला होते, पहिल्या पाळीहून आले होते.

"कावून केला हात वर?" यांनी विचारलं.

"सायबानं म्हटलं."

"सायेब म्हनन नाच, तं नाचशीन?"

मी पाणी दिलं. ते पिऊन हे म्हणाले, "माह्या खात्यात तं चाळिशीच्या मानसालेच बुढऊ म्हनतेत. मी बी हासतो. कोनाकोनाशी भांडू?"

पुढच्या आठवड्यात कर्मचारी संघटनेचे बोरकरभाऊ घरी आले. तेही आमच्याच भागातले. त्यांनी तक्रारीचा मसुदा आणला होता. पहिला मुद्दा होता, अर्जदाराची जन्मतारीख चुकीची नोंदली गेली आहे, खरं वय कमी आहे. गावातल्या दोन म्हाताऱ्यांची शपथपत्रं जोडायची होती.

मी मसुदा वाचला. वाचताना लक्षात आलं, मी त्या खोलीत हेच केलं होतं. वय हा जणू गुन्हा, आणि तो माझ्या हातून थोडा कमी घडला, एवढंच सिद्ध करत होते.

"भाऊ, हे खोडा," मी म्हणाले.

"बाई, हेच तं आपलं हत्यार हाय. बाकी काय हाय आपल्यापाशी?"

"पदोन्नतीच्या नियमात वय कुठी लिवलं हाय, ते दाखवा मले."

"नियमात नाही. सेवाज्येष्ठता अन् अहवाल, दोनच गोष्टी."

"मंग तेवढंच लिवा. वय पंचावन्न लिवा."

"हारून जाल."

"लिवा."

तक्रार भोपाळला गेली. काही महिन्यांनी उत्तर आलं: निवड हा समितीच्या विवेकाचा विषय आहे. मी दुसरी तक्रार पाठवली. तिला उत्तर आलं नाही. भोपाळला जायचं तर गाडीत रात्र काढावी लागे. दोनदा गेले. एकदा साहेब दौऱ्यावर होते, एकदा फाइल दुसऱ्या टेबलावर होती. बोरकरभाऊंचा फोन तिथे कोणी घेईना.

निवृत्तीला सहा महिने राहिले तेव्हा मोठ्या साहेबांनी बोलावलं. सक्सेनाची बदली होत होती. मला प्रभारी हेडक्लार्क करता येईल, ते म्हणाले. पगार तोच राहील, पाटी बदलेल. त्याआधी तक्रार मागे घेतल्याचं लिहून द्यायचं.

"ले लीजिए, माताजी. इज्जत से रिटायर होंगी."

मी हात टेबलाखाली ठेवले.

"साहब, मैं माताजी नहीं हूँ. इस ऑफिस में वरिष्ठ लिपिक हूँ. तक्रार वापस नहीं होगी."

शिकायत म्हणायचं होतं. मराठी शब्द आला. त्यांना कळला.

मी वरिष्ठ लिपिक म्हणूनच निवृत्त झाले. त्यानंतरही भोपाळला स्मरणपत्रं पाठवत राहिले. पुढे छत्तीसगड वेगळं झालं. रायपूरला चौकशी केली तेव्हा कळवण्यात आलं की जुनी प्रकरणं भोपाळला आहेत. भोपाळने कळवलं की ती रायपूरला पाठवली आहेत. दोन्हीकडे मी पुन्हा लिहिलं. निकाल लागलेला नाही. तक्रार मागे घेतलेली नाही.