जावयाला तांदूळ दिले नाहीत

पोरी, लांबून नको वाचूस. हा कागद घे आणि जरा माझ्याजवळ सरकून बस. आणि आधी बोलणी खा. आईच्या दहाव्याला आलीस, ओट्यावर टेकलीस न टेकलीस, चहाचा कप तसाच ठेवून निघालीस. मोठी आई म्हणतेस ना मला? मग असं करतात? तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे ग. या घरात तुझ्या आईला चोरटी म्हणत, शाळेत तुलाही तेच ऐकावं लागलं. ती चोरटी नव्हती. मला हे तुझ्या पहिल्या दिवाळीपासून माहीत आहे आणि लिहिते आज. पोरांच्या पाट्या बघून अक्षरं शिकलेली मी, चुकलं तर समजून घे.

तेव्हा आपल्याकडून पौडाला जायचं तर पायीच. गावात सायकल एकच, तुझ्या वडिलांची. दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या टांगून ते पहाटे निघायचे. गादी फाटली तशी तुझ्या आईनं आपल्या जुन्या चोळीचा जांभळा खण उसवला आणि गादीला कव्हर शिवलं. आम्ही हसलो होतो. ‘आता चोळी पौडाला जाऊन येतीया,’ असं मीच म्हटलं होतं.

श्रावण सरता सरता एका पहाटे ते पडवीत आले तर सायकल नाही. कुलूप कुठलं असायला? ओट्याखाली कुत्रं झोपायचं, तेच कुलूप. त्या दिवशी ते किटल्या खांद्यावर घेऊन चालत गेले. पोचेपर्यंत उन्हं वर आली, दूध नासलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दोन घरांनी दूध बंद केलं.

तुझे आजोबा म्हणाले, “कुत्रं भुकलं न्हाई. घरचाच हात हाय.”

तुझ्या आजीनं लगेच बोट दाखवलं नाही. नुसतं म्हणाली, “परवा कोळवणचा पाव्हना येऊन गेला न्हवं?” कोळवणचा पाहुणा म्हणजे तुझा मामा. बहिणीला हरताळकेची काकडी द्यायला आला होता बिचारा.

मग डोंगरापलीकडच्या देवरुष्याला बोलावलं. तुला हे माहीत नसेल. तो तांदूळ मंतरून द्यायचा. घरातल्या प्रत्येकानं मूठभर चावायचे आणि पळसाच्या पानावर थुंकायचे. ओला लगदा पडला तर तो माणूस चोख. कोरडं पीठ पडलं तर चोर. आणि आला तो नेमका हरताळकेच्या दिवशी. आम्ही दोघी जावा पहाटेपासून पाण्याच्या थेंबाविना. तुझ्या आजीनं वय झालं म्हणून उपास सोडलेला, दोनदा चहा झाला होता तिचा.

आता नीट वाच. माझी आई मला लहानपणीच सांगून गेली होती, की या तांदळात देव नसतो, भीती असते. घाबरलं की तोंड सुकतं. मी स्वयंपाकघरात गेले, बरणीतली चिंच काढली आणि गालात धरली. उपास मोडला. मोडू दे म्हटलं. तेवढ्यात तुझी आई आत आली, तू कडेवर, नऊ महिन्यांची.

“आक्का, घोटभर पानी पिऊ का वं? जीभ पार टाळ्याला चिकाटली.”

बरणी माझ्या हाताशी होती. आणि मी चिंच गालात ठेवून तिला म्हटलं, “खुळी का काय? उपास मोडला तर नवऱ्याला अपाय हुईल.”

तिनं मान हलवली. तुला माझ्याकडं दिलं आणि बाहेर गेली.

ओट्यावर पानं मांडली होती. तुझ्या आत्याचा नवराही आला होता. आत्याला सणासाठी सोडून तो आधीच घरी गेला होता, चोरीचं कळलं म्हणून धीर द्यायला परत आला. घोंगडीवर बसून चहा पीत होता. देवरुष्यानं त्याच्याकडं पाहिलं तसे आजोबा तडकले, “जावयाला कुनी तांदूळ देतं व्हय? काय बोलतोस ते तरी बघ!”

जावईच हसला, “द्या की मलाबी, मामा. भूक लागलीया.” सगळे हसले.

माझ्या पानावर ओला लगदा पडला. तुझी आई चावत राहिली, चावत राहिली. शेवटी पडलं ते कोरडं पीठ, आणि त्यात रक्ताची रेघ. आजी म्हणाली, “बघा, देवानं दावलं.” तुझ्या वडिलांनी पानाकडं पाहिलं आणि रिकाम्या किटल्या घासायला मागं गेले. पुन्हा पुढं आले नाहीत.

त्याच दुपारी तिला कोळवणच्या वाटेला लावलं. तुला ठेवून घेतलं. सायकल आण आणि पोर ने, असं आजीनं सांगितलं. वेशीपर्यंत तुझं रडणं ऐकू जात होतं, तिची चोळी दुधानं भिजलेली मी पाहिली. सायकल नव्हती म्हणून घरात म्हशीचं दूध उरायचं. तेच तुला पाजलं. तू ओकायचीस.

दिवाळीत माझे मालक भाऊबीजेला आत्याला आणायला गेले. तिच्या गोठ्यात पेंढ्याआड सायकल होती, गादीवर जांभळा खण. लग्नात जावयाला सायकल द्यायचं बोलणं झालं होतं आणि दिलं होतं मनगटी घड्याळ. त्यानं आपली सायकल आपणच नेली. कुत्रं ओळखीच्यावर कशाला भुंकेल?

मालकांनी घरी येऊन सांगितलं. आजी म्हणाली, “जावायाला चोर म्हनलं तर माझी लेक परत येऊन बसंल. तोंडं शिवा सगळ्यांनी.” आम्ही शिवली.

पुढं भातं कापणीला आली, हात कमी पडायला लागले, तशी तुझ्या आईला बोलावून घेतली. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि आजी म्हणाली, “चल, माफ केलं तुला. पुन्यांदा हात मारू नगंस.” सगळं माहीत असून. आणि तुझी आई तिच्या पाया पडली ग. तिनं हात पुढं केले तर तू तिला ओळखलं नाहीस, माझ्या पदरात तोंड खुपसलंस.

त्यानंतर आजी असेपर्यंत तांदळाच्या कणगीला कुलूप होतं. किल्ली माझ्या कमरेला. रोज तुझ्या आईसमोर कुलूप काढायचं, तांदूळ मापायचे, पुन्हा लावायचं.

शेवटच्या दुखण्यात तुझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिला चिंचेचं सांगितलं. तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

“ठावं हाय, आक्का. वास येत व्हता तुमच्या तोंडाला.”

“मग बोलली का न्हाईस?”

“चोरटीचं कोन ऐकलं असतं?”

सायकलीचं मात्र मी तेव्हाही नाही सांगितलं. तोंड उघडलं होतं, तरी नाही.

आत्या या हरताळकेला येणार आहे. तिचा नवरा गेला, आता तिला कोण परत धाडणार? त्याच ओट्यावर, भावकीसमोर मी हे सगळं बोलणार आहे. तिच्या नवऱ्याचं, आजीचं, माझंही. ती रडेल, रडू दे. पण तू समोर नसलीस तर मी पुन्हा गप्प बसेन, मला माझी खात्री नाही. म्हणून ये. उपास धरू नकोस, सकाळी खाऊन पिऊन नीघ. आणि पोरी, हरताळकेची वाट बघू नकोस, दोन दिवस आधीच ये.