गुंतवळ

हरसूलच्या बाजारात मी केसांवर भांडी देते. विंचरताना गळलेले केस बायका साठवून आणतात, त्या गुंतवळावर मी वाटी नाहीतर डबा देते. एकदा एक मावशी पुढ्यात येऊन बसली. पिशवी पदराखाली धरलेली. भांड्यांकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"बाई, तुला केसातलं कळतं. यातले माझ्या पोरीचे येगळे काढून दे."

तिची पोरगी द्राक्षबागेच्या कामाला गेली, ती परतलीच नव्हती.

"टीव्हीत एका केसावरून मानूस शोधत्यात. पोलीस म्हनतो, केसावरून पत्ता लागत नाय. पन यात माझेबी मिसळलेत ना, म्हनून त्याला कळंना."

मला नाही म्हणवेना. आम्ही दोघी गुंता सोडवत बसलो. ती एकेक केस उन्हात धरायची आणि बोटांनी हळू सरळ करायची. पांढरे तिने बाजूला काढले.

मी भीतभीत म्हटलं, "मावशी, काळ्यात तुमचेही असतील."

"काळे समदे तिचेच धर," ती म्हणाली. "माझ्या केसावरून पोलीस चुकून माझ्याच दारात आले, तर मीबी त्यांच्यासंगं तिला शोधाया जाईन."